निरुपद्रवी म्हणजे खोटं नव्हे

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय फळ्यावर 'छातीतली धडधड' असा लिहिला आहे. मारहाण, रेशन, पाणी, जमिनीचा हक्क एवढे विषय समोर असताना हा कुठला विषय काढला, असं काही जणींना वाटलं असेल. पण गटांच्या बैठकांत आणि समुपदेशनाला येणाऱ्या बायांशी बोलताना ही तक्रार परत परत कानावर येते. कोणी म्हणते, "ताई, छातीत मासोळी उसळी मारते तसं होतं." कोणी म्हणते, "ठोका पडायचाच राहतो आणि मग धाडकन पडतो." कोणी गळ्याशी हात नेऊन म्हणते, "इथं काहीतरी अडकतं आणि सुटतं." आणि लगेच पुढचं वाक्य असतं, "पण डॉक्टर म्हणतात, काही नाही."

या 'काही नाही'विषयी मला आज बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, बायांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभी राहणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे मी औषध सांगणार नाही. शरीरात काय होतं, कुठल्या तपासण्या मागायच्या, कधी घाबरायचं, कधी नाही, आणि घाबरायचं कारण नसेल तेव्हा या त्रासाबरोबर दिवस कसे काढायचे, एवढं आपण मिळून समजून घेऊ.

आधी शरीर. आपलं हृदय म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढा स्नायूंचा पंप. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात. हा ठोका केव्हा पडायचा, याचा हुकूम हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून सुटतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो दाखवून दिला. पण हृदयाचं वैशिष्ट्य असं की हुकूम सोडण्याची ताकद त्याच्या इतर पेशींमध्येही असते. एखाद्या वेळी वरच्या किंवा खालच्या कप्प्यातली दुसरीच एखादी पेशी वेळेआधी हुकूम सोडते. तो झाला जादा ठोका.

आता हातपंप आठवा. दांडा पुरता वर येण्याआधीच खाली दाबला तर पाणी थोडंच येतं. तसंच इथे होतं. ठोका लवकर पडला, हृदय रक्ताने भरलं नव्हतं, म्हणून तो इतका हलका पडतो की आपल्याला जाणवतही नाही. त्यानंतर हृदय नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबतं. आपल्याला वाटतं, ठोका चुकला. या थांबण्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. ज्या दणक्याने आपण दचकतो, तो बहुतेक वेळा जादा ठोका नसतोच. जास्त रक्त घेऊन आलेला तो नेहमीचाच ठोका असतो. हे एकदा कळलं की निम्मी भीती कमी होते, असं अनेक जणी सांगतात.

मग हे रात्रीच का जाणवतं? दिवसभर हातात काम असतं, कानावर आवाज असतात. रात्री भांडी घासून, सगळ्यांना निजवून आपण पाठ टेकतो तेव्हा घर शांत होतं आणि स्वतःच्या शरीराचं ऐकायला आपल्याला पहिल्यांदा सवड मिळते. नाडी मंद झालेली असते, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे जादा ठोक्याला जागा मिळते. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि दणका अधिक जाणवतो. यात अशुभ काही नाही.

पण आपली भाषाच आपल्याला घाबरवते. 'काळजाचा ठोका चुकला', 'धस्स झालं', 'धडकी भरली'. ठोका चुकणं आणि भीती वाटणं यांची आपण लहानपणापासून जोडी लावलेली आहे. म्हणून कारण नसताना ठोका चुकला की मन कारण शोधायला लागतं. माहेरी काही झालं असेल का? मला काही होणार आहे का? भीती वाटली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, त्याने हृदय आणखी चाळवतं, आणखी ठोके पडतात, भीती आणखी वाढते. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. ते कसं, ते पुढे सांगते.

हे ठोके किती जणांना असतात? २४ तासांची नोंद घेतली तर अगदी निरोगी माणसांतही बहुतेकांना असा एखादा तरी ठोका सापडतो. काहींना शेकड्याने, काहींना हजारांनी असतात. अमेरिकेत १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वरवर निरोगी असलेल्या, कसलीही तक्रार नसलेल्या ७३ माणसांच्या नोंदीत तासाला सरासरी ५६६ जादा ठोके सापडले होते. सरासरी साडेसहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यांचं आयुष्य इतर निरोगी माणसांपेक्षा कमी भरेल असं काही दिसलं नाही. आजही तज्ज्ञ तेच धरतात. हृदयाची रचना चांगली असेल, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं नसेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत नसेल, तर हे ठोके सहसा निरुपद्रवी असतात. एक अपवाद लक्षात ठेवायचा. दिवसाच्या एकूण ठोक्यांपैकी साधारण दहा टक्क्यांहून जास्त ठोके जादा असतील, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या वर, तर काही जणांचं हृदय कालांतराने थकतं. अशा बाईने ठरावीक काळाने तपासणी करत राहायची. वेळेवर कळलं तर यावर उपचार आहेत.

म्हणजे 'निरुपद्रवी' हा शब्द खरा आहे. पण मैत्रिणींनो, हा तपासणीनंतर काढायचा निष्कर्ष आहे. बाई खुर्चीवर बसायच्या आत तिच्या चेहऱ्याकडे बघून काढायचा नव्हे. आपल्याकडे काय होतं? पुरुष छातीवर हात ठेवून आला की त्याचा ईसीजी निघतो. बाई आली की विचारतात, "घरी काही टेन्शन आहे का?" टेन्शन नाही असं घर कुठलं? ती 'हो' म्हणते. झालं निदान. हातात झोपेच्या गोळ्या किंवा 'ताकदीचं' इंजेक्शन.

हे फक्त आपल्याच खेड्यापाड्यांत घडतं असंही नाही. अमेरिकेतच १९९७ साली १०७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना हृदय एकाएकी वेगाने धावू लागण्याचा खरोखरचा विकार होता. हा जादा ठोक्यांपेक्षा वेगळा आणि उपचाराने बरा होणारा विकार. त्यातल्या ५९ जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. अशा न ओळखल्या गेलेल्यांपैकी ६५ टक्के बायकांना 'हा मनाचा, ताणाचा त्रास आहे' असं सांगितलं गेलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३२ टक्के होतं. तक्रार तीच, पण बाईच्या तोंडून आली की तिची किंमत निम्मी.

याला इतिहास आहे. 'हिस्टेरिया' हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. बाईची कुठलीही न कळणारी तक्रार त्या पेटीत टाकायची सोय शतकानुशतकं होती. औषधांच्या अभ्यासाचंही तेच. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली काढली. ती मागे घ्यायला १९९३ साल उजाडलं.

म्हणून पहिली मागणी: एकदा नीट तपासणी. आपल्या बायांमध्ये धडधडीची अशी कारणं असतात जी सापडतात आणि दुरुस्त होतात. पहिलं कारण रक्तपांढरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तपांढरी आढळली. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. रक्त कमी असेल तर हृदयाला जास्त पळावं लागतं. म्हणून धडधड सांगणाऱ्या बाईला पाळी किती दिवस जाते, अंगावरून किती जातं, ती शेवटी आणि उरलेलं जेवते का, हे विचारलंच पाहिजे. दुसरं कारण थायरॉइड. ही ग्रंथी जास्त काम करत असेल, किंवा थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल, तरी धडधडतं. तिसरं, गरोदरपण आणि पाळी जाण्याचा काळ. या दोन्ही काळांत जादा ठोके वाढल्याचं अनेक जणी सांगतात. चौथं, मिशरी आणि तंबाखू. आपण मिशरीला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतो. पण त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि हृदयाला डिवचतं. पाचवं, जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होणं. दम्याचे पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड वाढते.

आणखी एक कारण विसरायचं नाही. लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेल्या, म्हणजे संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलींच्या हृदयाची झडप पुढे आकसू शकते. हा आजार आपल्या देशात अजून आहे, आणि अनेक जणींच्या बाबतीत तो गरोदरपणात दम लागल्यावरच लक्षात येतो. 'टेन्शन' म्हणून घरी पाठवलेल्या बाईला हा आजार असेल तर ती चूक जिवावर बेतू शकते.

तपासणीत काय मागायचं, ते लिहून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी. रक्तदाब. ईसीजी. नेहमीच्या ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचीच नोंद असते. त्या दहा सेकंदांत ठोका चुकला नाही तर कागद कोरा येतो. कागद कोरा आला म्हणून बाई खोटी ठरत नाही. त्रास रोजचा असेल तर २४ तासांची होल्टर तपासणी विचारायची. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुरुवातीला पाठीवर वाहायचं जे यंत्र केलं, त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आता ते कमरेला अडकवता येतं आणि ते लावून घरची कामं करता येतात. त्यातून दिवसाचे एकूण ठोके किती, त्यातले जादा किती, हा हिशेब मिळतो. आणि हृदयाची रचना बघायला इको. या तपासण्या सगळीकडे मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणूनच जिल्हा रुग्णालयात कुठली तपासणी कुठल्या दिवशी होते याची यादी प्रत्येक गटाने करून ठेवावी, अशी माझी सूचना आहे.

धोक्याच्या खुणाही पाठ करा. शुद्ध हरपणं. श्रम करताना धडधड वाढून चक्कर येणं. छातीत दुखणं, दम लागणं. हृदय एकाएकी वेगाने धावू लागणं आणि न थांबणं. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक जाणं. हृदयाचा जुना आजार असणं. यातलं काही असेल तर वाट बघायची नाही. बाई शुद्धीत नसेल, छातीत दुखत असेल किंवा धावणं थांबतच नसेल, तर १०८ला फोन करायचा.

आता समजा, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय चांगलं आहे, हे ठोके निरुपद्रवी आहेत. पण ठोके थांबलेले नसतात. खरी परीक्षा इथून सुरू होते, ती बाईची आणि तिच्या घराचीही.

घरची माणसं दोन टोकं गाठतात. काही ठिकाणी म्हणतात, "डॉक्टरांनीच सांगितलं काही नाही, आता नाटकं बंद." काही ठिकाणी याच्या उलट, "तुला हार्टचा त्रास आहे, बैठका बंद, मोर्चे बंद, शिवणक्लास बंद." ही काळजी नीट तपासून बघा. त्याच बाईने दोन हंडे घेऊन चढ चढला तर तिच्या हृदयाची आठवण कोणाला होत नाही. बंदी येते ती फक्त उंबरठ्याबाहेरच्या कामावर. लग्नाच्या वयाच्या मुलीचं आणखी वेगळं. 'हृदयात दोष' हा शब्द बाहेर फुटू नये म्हणून तिला तपासायलाच नेत नाहीत. अशा घरांत आपण जाऊन सांगायचं की डॉक्टरांनी निरुपद्रवी म्हटलं याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. तिचा त्रास खरा आहे, आणि तिला घरात बसवायचं काही कारण नाही. तिने चालावं, काम करावं, हिंडावं. हालचालीने हृदयाचं भलंच होतं. श्रमाबरोबर ठोके वाढत असतील तर मात्र ते डॉक्टरांना सांगायचं.

बाया विचारतात, "मग गोळी देऊन हे ठोके बंदच का करत नाहीत?" याचं उत्तर फार मोलाचं आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये असे ठोके धोक्याची खूण मानले जात, म्हणून ते दाबणारी औषधं दिली जात. अमेरिकेत त्यातल्या दोन औषधांची पडताळणी झाली. ७५५ जणांना औषध दिलं आणि ७४३ जणांना नुसतीच गोळी. औषधाने ठोके कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत ६३ जण दगावले आणि दुसऱ्या गटात २६. १९८९ साली ही औषधं देणं थांबवावं लागलं. ते रुग्ण झटका येऊन गेलेले होते, आपल्यासारखे नव्हते. तरी धडा सगळ्यांसाठी आहे. कागदावरचे ठोके कमी होणं आणि माणूस बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रास फार असेल तर डॉक्टर बीटा ब्लॉकर जातीची सौम्य गोळी देतात. दमा असेल तर ते आधी सांगायचं, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ठोके खूपच जास्त असतील तर पायाच्या शिरेतून नळी घालून ती नेमकी जागा निकामी करण्याचाही उपचार आहे. पण बहुतेक जणींना यातलं काही लागत नाही.

मग काय लागतं? बायांनी आणि डॉक्टरांनी सांगितलेलंच सांगते.

ठोका चुकला की आधी मनात नाव घ्यायचं, 'हा जादा ठोका आहे, माझी तपासणी झालेली आहे.' कूस बदलायची किंवा उठून चार पावलं चालायचं. श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. नाडी चाचपत बसायचं नाही. बोट मनगटावर ठेवून मोजायला लागलं की प्रत्येक ठोका संशयित होतो. आणि दर महिन्याला नवा ईसीजी काढत हिंडायचं नाही. त्याने पैसे जातात आणि शंकाही जात नाही.

चहाचं काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १०० माणसांनी १४ दिवस स्वतःवर प्रयोग केला. काही दिवस कॉफी प्यायची, काही दिवस नाही. कॉफीच्या दिवशी खालच्या कप्प्यातले जादा ठोके सरासरी १५४, कॉफी नसलेल्या दिवशी १०२. वरच्या कप्प्यातल्या ठोक्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. झोप मात्र ३६ मिनिटांनी कमी झाली. यातून घ्यायचं ते असं की सगळ्यांना एकच नियम लागू नाही. तुम्हीही दोन आठवडे करून बघा. संध्याकाळनंतरचा चहा बंद, मिशरी बंद, आणि वहीत रोज एक ओळ लिहायची: आज त्रास किती, झोप किती, जेवण वेळेवर झालं का, पाळीचा कितवा दिवस. लिहिता येत नसेल तर मुलीकडून खुणा करून घ्या. कडक उपवास आणि दिवसभर नुसता चहा यानेही अनेक जणींचा त्रास वाढतो. ही वही घेऊन गेलेल्या बाईला 'काही नाही' म्हणून परत पाठवणं डॉक्टरांनाही सोपं जात नाही.

आणि झोप. पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईला 'विश्रांती घ्या' असं चिठ्ठीवर लिहून देणं सोपं असतं. ती विश्रांती द्यायची कोणी? घरातली कामं वाटली गेल्याशिवाय ही चिठ्ठी अमलात येत नाही. म्हणून धडधडीचा विषय शेवटी घरातल्या कामाच्या वाटणीपर्यंत येतोच.

मनाचा ताण कारण असूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. मार खाणाऱ्या, कर्जाने पिचलेल्या बाईचं काळीज धडधडणारच. पण तेव्हाही 'तुझ्या मनात आहे' म्हणून भागत नाही. ताणाचं कारण तिच्या घरात आहे, आणि त्यासाठी आपला गट आहे.

आपण करायचं ते फार अवघड नाही. पहिल्या तपासणीला कोणीतरी सोबत जायचं. ईसीजीचा आणि होल्टरचा कागद मागून घेऊन पिशवीत जपून ठेवायचा, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होत नाही. आणि ज्यांना हा त्रास आहे अशा चार जणींनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं. आपल्यासारखं दुसरीलाही होतं आणि दहा वर्षं होऊनही ती धडधाकट आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जो धीर येतो तो सांगून येत नाही.

आता तुमच्याकडे येते. कोणाकोणाला असं होतं, हात वर करा. मोकळेपणाने सांगा, आपण एकेकीचं ऐकून घेऊ. इतकं बोलून मी थांबते.